पोट दुखते, पण दुखणे पोटात नसते

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दवाखान्यात एक ठरलेला रुग्ण येतो. वय अठरा-एकोणीस, इंजिनिअरिंगचे किंवा बी.एस्सी.चे पहिले वर्ष, शहरात खोली करून राहणारा. सोबत वडील असतात आणि बोलतातही तेच. “डॉक्टरसाहेब, पोरगं पार वाळलंय. मेसचं मानवत नाही. एक सलाईन लावा आणि ताकदीचं काही लिहून द्या.” (पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. एका भाकरीत त्याहून अधिक ताकद आहे, हे सांगून मी आता थकलो आहे.)

गेल्या वर्षी आलेल्या अशाच एका मुलाचे पोट तीन महिने दुखत होते. सकाळी तीन-चार वेळा शौचास जावे लागे, डोके जड राही. रक्त, लघवी, सोनोग्राफी सर्व ठीक. वजन काट्यावर पूर्वीइतकेच भरले. शौचावाटे रक्त नव्हते, दुखण्याने रात्री जाग येत नव्हती; तसे असते तर पुढच्या तपासण्या कराव्याच लागल्या असत्या. वडिलांना बाहेर बसवून मी विचारले, “रविवारी दुखतं का रे?” थोडा विचार करून तो म्हणाला, “सकाळी नाही. रविवारी संध्याकाळी सुरू होतं.”

मग हळूहळू सारे बाहेर आले. दहावीपर्यंत मराठी माध्यम, शाळेत पहिला. अकरावी-बारावीची पुस्तके इंग्रजीत होती, पण सर समजावून सांगत ते मराठीतच. कॉलेजात पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी उभे करून प्रश्न विचारला. उत्तर येत होते, वाक्य जुळेना. वर्ग हसला. तेव्हापासून हा शेवटच्या बाकावर, आणि सोमवार जवळ आला की पोटात कळ.

संकट दिसले की मेंदू शरीराला लढायला किंवा पळायला सज्ज करतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अ‍ॅड्रेनल ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलीन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, जठराचे काम मंदावते आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. परीक्षेच्या दिवशी संडासच्या फेऱ्या होतात त्या यामुळेच. पेपर संपला की सारे निवळते. इतका ताण हवाच, नाहीतर पुस्तक कोण उघडणार? पण रोज वर्गात फजितीची धास्ती असेल तर निवळायला सवडच मिळत नाही. मुलगा सोंग करीत नसतो, पोट खरेच दुखते. “सगळं मनाचं आहे” म्हणून त्याला वाटेला लावणारे घरचे चुकतात, आणि आम्ही डॉक्टरही.

उपाय मी झोपेपासून सुरू करतो. हा मुलगा अकराला टपरीवर चहा घेई आणि अडीचपर्यंत मोबाईल घेऊन जागत असे. कॅफिनचा अंमल निम्मा उतरायला सुमारे पाच तास लागतात. म्हणजे अकराच्या चहाचा निम्मा भाग पहाटे चारलाही अंगात असतो. या वयात सात ते नऊ तास झोप लागते, आणि दिवसा वाचलेले पक्के होण्याचे कामही झोपेत चालते. चहा दुपारी चारनंतर बंद, मोबाईल उशापासून दूर, उठण्याची वेळ रविवारीही तीच, एवढे त्याला पाळायला सांगितले. संध्याकाळी अर्धा तास भरभर चालणे किंवा क्रिकेट. छातीत धडधड सुरू झाली की चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा, असे पाच मिनिटे. हे बाकावर बसूनही होते, शेजाऱ्याला कळत नाही.

अर्थात श्वासाने इंग्रजी येत नाही. त्यासाठी रोजच्या धड्यातले पाच शब्द वहीत उतरवायचे, आणि एका प्रश्नाचे दोन ओळींचे उत्तर खोलीतल्या मित्रापुढे मोठ्याने म्हणायचे. तास संपल्यावर शंका मराठीत विचारावी. आपल्याकडचे बहुतेक प्राध्यापक मराठीच असतात, तेही मराठीत उत्तर देतात.

पालकांसाठी एक गोष्ट. फोनवर आपला पहिला प्रश्न “अभ्यास कसा चाललाय?” आणि दुसरा “पैसे पुरतात ना?” दोन्हींचे उत्तर “हो” असते आणि फोन संपतो. त्याऐवजी “आज जेवायला काय होतं? कोणाबरोबर जेवलास?” असे विचारून पाहावे. आठवडाभर “एकटाच” हेच उत्तर आले तर शनिवारची एसटी धरावी. फीसाठी काढलेले कर्ज मुलांना ठाऊक असते, ते पुन्हा ऐकवू नये.

दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, आवडीच्या गोष्टीत मन लागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात; आठ दिवसांत फरक नाही म्हणून त्या सोडू नयेत. “मी सगळ्यांना ओझं झालोय” असे बोलणे आले तर सरळ विचारावे, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारले याचा मुलाला आधार वाटतो. उत्तर “हो” असेल तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि घरातले कीटकनाशक कुलपात टाकावे. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेली मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. पोलीस केसच्या भीतीने लपवाछपवी करू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मानतो, आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो.

तो मुलगा या उन्हाळ्यात पुन्हा येऊन गेला. गणित राहिले आहे. परीक्षेच्या सकाळी पोट अजूनही बिघडते, म्हणाला. पण आता तासभर आधी उठतो आणि फेऱ्या उरकून पेपरला जातो.