बेल्लमपल्लीत रस्ता-गटाराची लाइन-आऊट: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

चुन्याची रेघ आणि चार खुंट्या, याला पंधरा-वीस हजार कशाला? प्लॉटधारकांच्या बैठकीत हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. मिस्त्रीही लगेच सांगतो की नळीने लेव्हल काढून देतो, वेगळे पैसे नकोत. घराच्या जोत्यापुरती पाण्याची नळी चोख काम करते. ३०० मीटर गटारासाठी मात्र ती वीसेक वेळा उचलून पुढे न्यावी लागते आणि दर वेळचे दोन-चार मिलिमीटर साठत जातात. शेवटी पाणी उलटं वाहतं आणि दोष सिमेंटच्या माथी जातो.

म्हणून सर्व्हेअरला दर विचारण्याआधी गटाराचं तोंड कुठे उघडणार ते ठरवा. २०० मीटरला १ मीटर एवढा साधा उतार धरला तरी ३०० मीटरवर तळ दीड मीटर खाली जातो. जमीन सपाट असेल, तर सुरुवातीला ४५ सेंटीमीटर खोल असलेलं गटार शेवटाला जवळजवळ दोन मीटर खोल होतं. पुढचा नाला किंवा नगरपालिकेचं गटार तेवढं खोल आहे का? नसेल तर उतार कमी करावा लागेल, नाहीतर पाणी दोन दिशांना काढावं लागेल. हा निर्णय कागदावर झाला तर फुकट पडतो. खोदाई झाल्यावर तोच निर्णय जेसीबीच्या ताशी हजार-बाराशेच्या हिशेबाने पडतो. लेव्हल घेणं नाल्याच्या तळापासून सुरू करून वर यावं, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट चालतं.

खर्च कोणाचा, हेही आधी स्पष्ट करून घ्या. रस्ता सरकारी टेंडरमधून होत असेल, तर आखणी ठेकेदाराच्याच दरात धरलेली असते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये कलम १०९ आखणीचं आहे आणि त्यात या कामाला वेगळे पैसे नाहीत. ठेकेदाराचा माणूस 'लाइन मारायचे' म्हणून घरटी वर्गणी मागू लागला, तर नगरपालिकेच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय देऊ नका. लेआउट तुमचा, कॉलनीचा आतला रस्ता तुमचा किंवा तुम्हीच छोटे ठेकेदार असाल, तरच पुढचा हिशेब तुमच्यासाठी आहे.

हद्द आणि लाइन-आऊट ही दोन वेगळी कामं. खासगी सर्व्हेअर रस्त्याच्या खुंट्या मारून देईल, पण शेजाऱ्याशी बांधावरून वाद असेल तर त्याच्या खुंटीला किंमत नाही. त्यासाठी मी-सेवा केंद्रातून 'एफ-लाइन'चा अर्ज करायचा आणि मंडल सर्व्हेअरकडून मोजणी करून घ्यायची. तेलंगणातलं बेल्लमपल्ली २०१६ च्या ऑक्टोबरपासून आदिलाबादमधून निघून मंचेरियाल जिल्ह्यात आलं, त्यामुळे जुन्या कागदांवर जिल्हा आदिलाबाद दिसला तर घाबरू नका. मराठवाड्याकडच्या माणसाला हे कागद परके वाटणार नाहीत. निजामी राज्यातलेच टिपण, सेतवार, पहाणी इथेही चालतात. गुंठाही तोच, ३३ फुटी साखळीचा चौरस, म्हणजे १०८९ चौरस फूट. फक्त प्लॉटचा व्यवहार इथे गजात बोलतात आणि एका गुंठ्यात १२१ चौरस गज बसतात. रस्त्याची रुंदी ठरवताना कोणी फुटात, कोणी गजात, कोणी मीटरमध्ये बोलत असतं. नकाशावर एकच माप लिहून घ्या.

आता बेल्लमपल्लीची खास अडचण. गाव सिंगरेणी कंपनीच्या कोळशावर वाढलं आणि गावाच्या आसपास जुन्या भूमिगत खाणी आहेत. खाली पोकळी असलेली जमीन वर्षांनंतरही बसू शकते आणि तिच्यावरचा बेंचमार्कही (उंचीची पक्की खूण) तिच्यासोबत खाली जातो. म्हणून एकाच बेंचमार्कवर काम करू नका. दोन तरी हवेत, एकमेकांपासून दूर, त्यातला एक जुन्या पक्क्या इमारतीच्या जोत्यावर किंवा पुलाच्या कठड्यावर. प्रत्येक फेरीत दोघांमधला फरक तपासायचा. तो बदलला तर काम थांबवायचं. जमीन सिंगरेणीच्या नावावर आहे का आणि खाली जुनं काम झालंय का, याची चौकशी कंपनीच्या कार्यालयात लेखी करा. खाणीतून निवृत्त झालेला, खाण सुरक्षा महासंचालनालयाचं (डीजीएमएस) सर्टिफिकेट असलेला सर्व्हेअर मिळाला तर सोन्याहून पिवळं. जमीन बसते म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. काळी जमीन पावसाळ्यात फुगून खुंट्या वर येतात आणि उन्हाळ्यात भेगांत कलतात, तेव्हा तिथे बेंचमार्कला खोल काँक्रीटच हवं.

हिशेब ३०० मीटर लांब, ४ मीटर रुंद सिमेंट रस्ता आणि दोन्ही बाजूंना गटार असा धरू. आकडे छोट्या खासगी कामाचे अंदाज आहेत, घासाघीस तिथून सुरू करा. पहिला दिवस टोटल स्टेशनचा: ऑपरेटर आणि मदतनीस धरून ६ ते ८ हजार. यात मध्यरेषा, वळणं आणि बेंचमार्क येतात. दुसरा दिवस गटारांच्या लेव्हलचा. त्याला ऑटो लेव्हल पुरते, अडीच ते साडेतीन हजार. मग दोन तपासण्या, एक खोदाई झाल्यावर आणि एक काँक्रीट ओतण्याआधी, प्रत्येकी दोन ते अडीच हजार. टीम मंचेरियालहून आली तर जाण्यायेण्याचे हजार-दीड हजार. चंद्रपूर-बल्लारपूरहून ओळखीचा माणूस बोलावलात तर रेल्वे सोयीची आहे, पण राहण्याखाण्याचा खर्च वाढतो आणि तपासणीच्या फेरीला तो टाळाटाळ करतो.

सामानाचं गणित छोटं आहे. दर १० मीटरला खुंटी, म्हणजे मध्यरेषेच्या ३१ आणि गटारांच्या ६२, एकूण ९३. ४५ सेंटीमीटरचे तुकडे केले तर ८ मिलिमीटरचे १२ मीटरी चार बार लागतात, साधारण १९ किलो, ६०-६५ रुपये किलोने बाराशेच्या घरात. सळईच्या खुंट्या चोरीला जाऊन भंगारात जातात हे खरं. वर्दळीच्या गल्लीत लाकडी खुंट्या आणि घरांच्या भिंतींवर रंगाच्या खुणा बऱ्या. दोन काँक्रीट बेंचमार्क मजुरीसह दीड हजारापर्यंत. रंग, चुना, खिळे, दोरी पाचशे. सगळं मिळून साडेसोळा ते एकवीस हजार, म्हणजे मीटरला ५५ ते ७० रुपये. सर्व्हेअर जीएसटी नोंदणी असलेला असेल तर सेवेवर १८ टक्के वेगळे. नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावता येत नाही, म्हणून बिलावर नंबर बघा.

स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा तपासणीच्या फेऱ्या वगळून दिलेलं असतं. म्हणून मीटरवर दर ठरवू नका, फेरीवर ठरवा. खुंट्या जेसीबीच्या बकेटखाली जाणारच. त्यासाठी खोदाईच्या कडेपासून मीटर-दीड मीटर बाहेर ऑफसेट खुंट्या मागा आणि प्रत्येकीवर खाली किती खोदायचं ते लिहून घ्या. आकडा फक्त सेंटीमीटरमध्ये, सोबत खालच्या दिशेचा बाण. मिस्त्री तेलुगू, मुकादम मराठी, जेसीबीवाला हिंदी बोलणारा, अशा साइटवर शब्दांपेक्षा बाण खात्रीचा. रस्त्याच्या मध्यखुंटीसोबत कडेचीही लेव्हल हवी. २ टक्के आडवा उतार धरला तर ४ मीटर रस्त्याची कड मध्यापेक्षा ४ सेंटीमीटर खाली असते, आणि नुसत्या मध्यखुंटीवर काम केलं की हे ४ सेंटीमीटर हरवतात.

उंची कुठून धरायची यावर उगाच खर्च करू नका. कॉलनीच्या कामाला पहिल्या बेंचमार्कला १००.००० धरून चालतं, फक्त नाल्याचा तळ त्याच मोजणीत हवा. रेल्वे स्थानकाच्या पाटीवरची समुद्रसपाटीची उंची किंवा मोबाइलवरची जीपीएसची उंची त्यात मिसळू नका. उपग्रहावरून थेट निघणारी उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत या भागात ६० मीटरहून जास्त फरक पडतो.

सुरुवातीलाच तुमच्यासमोर ऑटो लेव्हलची दोन-खुंटी चाचणी करायला सांगा. खुंट्या ६० मीटरवर, एकदा मशीन मधोमध आणि एकदा एका खुंटीजवळ. दोन्ही वेळा फरक तोच यायला हवा. अर्ध्या तासाचं काम आहे. लेव्हल जाऊन परत आणली की ३०० मीटरच्या कामात ९-१० मिलिमीटरपेक्षा जास्त चूक राहू नये. जास्त आली तर त्याच दिवशी पुन्हा, त्याच पैशात.

पैसे तीन हप्त्यांत द्या: खुंट्या मारल्यावर निम्मे, खोदाईच्या तपासणीनंतर पाव, आणि उरलेले शेवटची तपासणी होऊन लेव्हलबुकची प्रत, बेंचमार्कचे फोटो आणि कोऑर्डिनेटची फाइल हातात आल्यावर. पुढे पाण्याची पाइपलाइन टाकायची वेळ आली तर हीच फाइल लागेल, आणि ती असली की पहिल्या दिवसाचे ६-८ हजार पुन्हा मोजावे लागत नाहीत.