फॉर्मॅट मारण्याआधी

अगं, आधी रडणं थांबव. लोगो दिसतो, खाली ठिपके गरगरतात, निळी स्क्रीन येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू, एवढंच ना? म्हणजे लॅपटॉप मेलेला नाही. आणि दुकानदाराचं ‘व्हायरसच आहे, फॉर्मॅट मारावा लागेल’ लगेच मनावर घेऊ नकोस. मी एकदा घेतलं होतं. आईच्या साठीचे सगळे फोटो गेले, आणि शेवटी सैल निघाली ती रॅमची पट्टी!

आधी आठव, बंद पडायच्या आदल्या दिवशी नवीन काय झालं? अपडेट? प्रिंटर? कुणाचा पेनड्राइव्ह? 19 जुलै 2024 ला जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक असेच निळे पडले, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. तो व्हायरस नव्हता गं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच अपडेटमधली एक फाइल चुकली होती. राखणदारच दारात आडवा पडला म्हण ना! बऱ्याच ठिकाणी सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाऊन ती फाइल उडवावी लागली.

तूही तिथेच जा. पेनड्राइव्ह, प्रिंटर, सगळं काढून टाक. लॅपटॉप सुरू कर, लोगो दिसला की पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धर. असं दोन-तीनदा केलंस की विंडोज आपणहून दुरुस्तीची स्क्रीन आणतं. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग 4. मध्येच बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, 48 आकडी की मागितली तर घाबरू नकोस, बहुतेक वेळा ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. फोनवरून बघ.

काळी स्क्रीन आणि चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ दिसलं की पहिलं काम एकच, फोटो आणि कामाच्या फाइली बाहेर उतरव. बाकी सगळं नंतर. इथे लॅपटॉप नीट चालला तर दोष बहुधा नंतर घातलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रॅमचा. शेवटी आलेला पाहुणा आधी घालव.

आता दुकानदाराची ती व्हायरसची शंका. काही व्हायरस विंडोजच्याही आधी उठून बसतात, मग स्कॅन केला तरी ‘सगळं ठीक’ असंच दिसतं. घराची झडती चोराला बरोबर घेऊनच घेतल्यासारखं! म्हणून लॅपटॉप नेहमीसारखा सुरू झाला की विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमधल्या स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लाव. त्याआधी उघड्या फाइली सेव्ह कर, कारण लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि विंडोज उठायच्या आत तपासणी होते. पंधराएक मिनिटं लागतात, मध्ये हात लावू नकोस. चार्जर मात्र लावलेला असू दे.

तोवर त्यावर बँकेचं काही उघडू नकोस हं. फोटो उतरवायला माझी हार्ड डिस्क कपाटाच्या वरच्या खणात आहे, संध्याकाळी येऊन घेऊन जा.