दृश्यवाहक कनेक्टरांची निवड

उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने १९४० साली बंगलोर येथे विमानांचा कारखाना उभारला. १९५४ मध्ये त्याच शहरात भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली. पुढे उपग्रहांचा मागोवा घेणारे केंद्र तेथे आले, आणि २० ऑक्टोबर २०११ रोजी मेट्रो रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला. आज बेंगळुरू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहरात वैमानिकापुढे, नियंत्रण कक्षात, शस्त्रक्रियागृहात आणि कारखान्यात सर्वत्र अंकीय चित्रे पडद्यावर उमटत असतात. चित्र त्याच प्रकारचे असले तरी ते वाहून आणणाऱ्या केबलच्या टोकाचा सांधा, म्हणजे कनेक्टर, प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. त्याचे कारण चित्रात नसून जागेत आहे.

प्रथम या सांध्यावरील भार किती असतो ते पाहू. नेहमीच्या मोठ्या पडद्यावर १९२० स्तंभ व १०८० ओळी, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात व चित्र सेकंदास ६० वेळा बदलते. हा गुणाकार सुमारे २९९ कोटी बिट होतो. एवढे संकेत दर सेकंदास धातूच्या इवल्याशा स्पर्शबिंदूंतून पार व्हावयाचे असतात.

जुन्या पद्धतीच्या दूरचित्रवाणीत सांधा सैल झाला की चित्रावर मुंग्या दिसू लागत व रंग फिके पडत. दोषाची सूचना आधीच मिळे. अंकीय चित्राचे तसे नाही. संकेत दुबळा होत गेला तरी काही मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष दिसते, आणि मर्यादा ओलांडताच ते एकाएकी तुटते किंवा पडदा काळा होतो. ज्या ठिकाणी काळा पडदा परवडत नाही, तेथे कनेक्टर निवडताना विशेष काळजी घ्यावी लागते ती याचमुळे.

घरात व वर्गात वापरल्या जाणाऱ्या एचडीएमआय कनेक्टरचे मानक २००२ साली जाहीर झाले. त्याच्या १९ पिना चित्र व ध्वनी दोन्ही वाहतात. तो स्वस्त आहे व कोणासही लावता येतो. परंतु साधारणतः तो केवळ घर्षणाने जागेवर राहतो, आणि तांब्याची साधी केबल काही मीटरपलीकडे नेता येत नाही. १९९९ च्या डीव्हीआय कनेक्टरला निदान दोन स्क्रू तरी होते. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत म्हणूनच बीएनसी हा गोल कनेक्टर टिकून आहे. तो खोवून किंचित फिरवला की अडकतो, आणि एकाच समाक्ष केबलवरून स्टुडिओ दर्जाचे चित्र सुमारे १०० मीटर नेता येते. येथे एक चूक वारंवार घडते. या कनेक्टरचे ५० व ७५ ओहम असे दोन प्रकार असून ते दिसावयास जवळजवळ सारखेच असतात. चित्रासाठी ७५ ओहमचाच हवा. ७५ ओहमच्या यंत्रास ५० ओहमची केबल जोडल्यास विद्युत्दाबाच्या लाटेचा एकपंचमांश भाग सांध्यावरूनच मागे परततो.

विमान व आगगाडी यांत मुख्य शत्रू कंपन हा होय. कंपनाने पिन सॉकेटमध्ये केसाच्या अंशाइतकी मागेपुढे सरकते. प्रत्येक वेळी मुलाम्याचा सूक्ष्म थर खरवडला जातो, उघड्या पडलेल्या धातूवर ऑक्साइड साचते व रोध वाढत जातो. बाहेरून पाहणाऱ्यास सांधा घट्टच दिसतो! यावर उपाय म्हणून स्पर्शबिंदूंवर सोन्याचा मुलामा देतात आणि कनेक्टरचे कवच आट्यांनी आवळतात. रेल्वेच्या डब्यांतील कॅमेऱ्यांसाठी १२ मिलिमीटर आट्यांचा, एम-१२ नावाचा गोल कनेक्टर सामान्यतः वापरला जातो. हवाई उद्योगात धातूच्या कवचाचे, पिळून घट्ट बसणारे गोल कनेक्टर रूढ आहेत.

शस्त्रक्रियागृहातील अडचण वेगळी आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणारा शल्यचिकित्सक रुग्णाकडे नव्हे, तर पडद्याकडे पाहत असतो. रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरावयाचे विद्युत्-दहनाचे उपकरण त्याच वेळी उच्च वारंवारतेचे प्रवाह निर्माण करते व ते तांब्याच्या तारेतील संकेतात मिसळू शकतात. मोठमोठ्या मोटारी चालणाऱ्या कारखान्यातही हाच त्रास होतो. अशा ठिकाणी काचतंतू श्रेयस्कर ठरतो. त्यातून प्रकाश जातो, वीज नव्हे. त्यामुळे बाह्य विद्युत्क्षेत्राचा उपद्रव होत नाही, शिवाय तो चित्र कित्येक किलोमीटर नेऊ शकतो. मात्र लांब पल्ल्याच्या काचतंतूचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटर जाडीचा असतो. टोकावर बसलेला धुळीचा एक कणही तो झाकून टाकतो. उघड्या मैदानावर काम करावयाचे असल्यास भिंग बसविलेला कनेक्टर घेतात. भिंगाने प्रकाशाचा झोत रुंद होतो व तोच कण झोताचा अल्पसाच भाग अडवतो.

पावसाळ्यात रस्त्यावर राहणाऱ्या कॅमेऱ्यासाठी आयपी-६७ दर्जाचा कनेक्टर मागतात. या दर्जाची वस्तू एक मीटरपर्यंत खोल पाण्यात अर्धा तास राहिली तरी तीत अपायकारक प्रमाणात पाणी शिरत नाही. पण बहुतेक कनेक्टरांची ही ग्वाही दोन्ही भाग जोडलेले असतानाची असते. दुरुस्तीसाठी केबल काढली आणि उघड्या तोंडावर टोपण बसवावयाचे राहिले, तर एका रात्रीच्या पावसात पिना गंजू लागतात. म्हणून चांगल्या कनेक्टरचे टोपण साखळीने किंवा दोरीने त्याच्याशीच बांधलेले असते.