नव्या मत्स्यपेटीतील पाण्याचे आरोग्य

शाळेच्या एखाद्या वर्गात किंवा गावच्या वाचनालयात काचेची मत्स्यपेटी मांडली जाते, तो दिवस मुलांच्या दृष्टीने सणाचाच असतो. पाणी नितळ असते, मासे चपळपणे फिरत असतात आणि उपक्रम यशस्वी झाल्याचे समाधान शिक्षकांनाही लाभते. आठ-दहा दिवसांनी मात्र मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, एकेक करून मरतात, आणि पुढे ती पेटी खडूचे डबे ठेवण्याच्या कामी येते. दोष कधी मासे विकणाऱ्याला दिला जातो, कधी खाद्याला, तर कधी मुलांच्या हाताळणीला. वस्तुतः बहुतेक प्रसंगी कारण निराळेच असते. पाणी दिसावयास स्वच्छ असले, तरी ते अद्याप माशांना राहण्याजोगे झालेले नसते.

मासा आपल्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तलावात तो अफाट पाण्यात विरून जातो. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशा पेटीत मात्र खडी वगळता जेमतेम पंचेचाळीस लिटर पाणी मावते. तेथे अमोनिया साचत जातो व कल्ल्यांचा दाह करतो. हा अमोनिया जीवाणूंच्या एका गटाकडून नायट्राइटमध्ये व दुसऱ्या गटाकडून नायट्रेटमध्ये रूपांतरित होतो. नायट्राइटही घातकच असते. ते माशांच्या रक्तातील हिमोग्लोबिनशी संयोग पावून त्याची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते. रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात हवा पुरेशी असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य असते.

लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मासे, पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता पेटी टिकविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. वनस्पती व प्राणी यांच्यातील समतोल त्यांना उमगला होता. परंतु खडीवर वाढणाऱ्या जीवाणूंचे कार्य त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास असे जीवाणू वेगळे करून दाखविले. अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचा सर्व प्रवास एकटाच पार पाडणारा जीवाणूही असतो, हे तर २०१५ मध्ये सिद्ध झाले. नव्या पेटीची अडचण ही की, तिच्या खडीवर व गाळणीत हे जीवाणू जवळजवळ नसतात. त्यांची वाढ मंद असते. पुरेशी वस्ती होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, थंडीच्या दिवसांत त्याहूनही अधिक. मासे मरतात ते याच मधल्या काळात.

पाणी कोठले घ्यावे

नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन असतो. वितरणाच्या शेवटच्या टोकासही तो प्रतिलिटर ०.२ मिलिग्रॅम उरावा, असा पिण्याच्या पाण्याचा दंडक आहे. माणसास उपकारक असलेली ही मात्रा माशांच्या कल्ल्यांना व उपयुक्त जीवाणूंना मात्र अपायकारक ठरते. विहिरीत टीसीएल पावडर टाकल्याच्या दिवशी तर क्लोरीनचे प्रमाण बरेच अधिक असू शकते. त्या दिवशीचे पाणी पेटीसाठी घेऊच नये. गावच्या जलसुरक्षकाकडे ओ.टी. चाचणीचे साहित्य असते. त्याचा थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे असे समजावे. उघड्या बादलीत पाणी चोवीस तास ठेवल्यास क्लोरीन बहुतांशी उडून जातो. घाई असेल तर छायाचित्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या हायपोचे दोन-तीन बारीक खडे दहा लिटर पाण्यास पुरतात. पाणी साठविण्यास प्लॅस्टिकची बादली घ्यावी. तांब्याच्या हंड्यातील पाणी माणसाने खुशाल प्यावे, परंतु पाण्यात उतरलेले तांबे माशांना विषासमान असते.

दख्खनच्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी बहुधा जड व किंचित अल्कधर्मी असते. तेथे अमोनियाबाबत विशेष सावध राहिले पाहिजे, कारण पाण्याचा सामू जितका चढा, तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो. पंचवीस अंश तापमानास सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच अंश पाच टक्क्यांवर जातो. कोकणातील जांभ्या खडकातल्या विहिरींची गोष्ट उलटी. तेथील पाणी मऊ असते आणि जीवाणूंच्या कार्याने त्याचा सामू हळूहळू घसरतो. तो फार उतरला की जीवाणूंचे कामच थंडावते. अशा ठिकाणी गाळणीत शिंपल्यांचे थोडे तुकडे ठेवावेत.

पेटी पिकविणे

मासे आणण्यापूर्वीच पेटी तयार करणे हा उत्तम मार्ग होय. खडी, पाणी, गाळणी व हवेचा पंप यांची मांडणी करून जीवाणूंना अमोनियाचा पुरवठा करावा. शाळेच्या प्रयोगशाळेतील शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजेच कल्हईवाल्याच्या ओळखीचा नवसागर, यासाठी उपयोगी पडतो. बाजारातील नवसागर मात्र भेसळीच्या शक्यतेमुळे टाळावा. पंचेचाळीस लिटर पाण्यास पाव ग्रॅम घातल्यास प्रतिलिटर सुमारे दोन मिलिग्रॅम अमोनिया मिळतो. ही मात्रा संपली की पुन्हा तेवढीच द्यावी. प्रयोगशाळा नसेल तेथे रोज चिमूटभर खाद्य पाण्यात कुजू दिले तरी चालते, फक्त वेळ अधिक लागतो. एखाद्या जुन्या, निरोगी पेटीतील मूठभर खडी किंवा गाळणीचा स्पंज ओलाच आणून टाकता आला, तर आठवड्यांचे काम दिवसांवर येते. दह्याला विरजण लावण्यासारखाच हा प्रकार आहे.

आधी अमोनिया चढतो व उतरतो, मागाहून नायट्राइट चढते व उतरते. बाजारात मिळणाऱ्या चाचणी संचाने मुलांनी एक दिवसाआड मोजणी करून फळ्यावर आलेख काढल्यास विज्ञानाचे चार-पाच तास सहज सार्थकी लागतात. नवसागराची मात्रा दिल्यापासून चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले म्हणजे पेटी पिकली असे मानण्यास हरकत नाही. त्यानंतर निम्म्याहून अधिक पाणी बदलावे व चार-पाच गप्पी मासे सोडावेत. हिवताप व डेंग्यू नियंत्रणासाठी आरोग्य यंत्रणेकडून गप्पी पाळले जातात, त्यामुळे ते मिळण्यास अडचण पडू नये. गोल्डफिश दिसावयास मोहक खरा, परंतु तो मोठा वाढतो व घाणही पुष्कळ करतो. एवढ्या लहान पेटीत त्याला स्थान नाही.

मासे आधीच आणलेले असतील, तर खाद्य एक दिवसाआड व अगदी थोडे द्यावे आणि अमोनिया किंवा नायट्राइट आढळताच पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे. नायट्राइट चढलेले असताना दहा लिटर पाण्यास सपाट चहाचा चमचाभर साधे मीठ विरघळवून घातल्यास त्यातील क्लोराइडमुळे नायट्राइटचा कल्ल्यांतून होणारा प्रवेश रोखला जातो. गप्पींना एवढे मीठ सहज मानवते.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ होते आणि येथेच स्वच्छतेच्या आवडीने घात होतो. कोणीतरी सगळे पाणी उपसतो, खडी साबणाने घासतो, स्पंज नळाखाली धुतो व पेटी पुन्हा भरतो. इतक्या दिवसांत रुजलेले जीवाणू त्याबरोबर गटारात जातात आणि सारे काम पहिल्या पायरीवर येते. दुधाळपणा आपोआप निवळतो. आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदलणे एवढीच स्वच्छता पुरे. स्पंज पिळावयाचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच.

उन्हाळा व भारनियमन ही दोन संकटे आपल्याकडे एकदमच येतात. पंचवीस अंशांस लिटरभर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, पस्तीस अंशांस तो सातच्याही खाली येतो. आणि जीवाणूंनाही प्राणवायू भरपूर लागतो. वीज काही तास नसल्यास मगाने पाणी उचलून उंचावरून परत सोडावे व त्या दिवशी खाद्य देऊ नये. पेटी खिडकीच्या उन्हात नसावी. सुट्टी आठवड्याची असेल तर पूर्ण वाढलेले, निरोगी मासे खाद्यावाचून राहू शकतात. जाताना मूठभर खाद्य टाकून ठेवणे हेच अधिक घातक. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत मात्र जवळ राहणाऱ्या कोणाकडे तरी काम सोपविलेच पाहिजे.

पिकलेल्या पेटीत अखेर नायट्रेट साचते. ते प्रतिलिटर चाळीस मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची कमाल मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेले पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाच्या पोटात गेल्यास त्याच्या शरीरात नायट्रेटपासून नायट्राइट बनते आणि माशांच्या रक्तात घडतो तोच विकार बालकाच्या रक्तात घडून ते निळे पडते. खतांचा अतिवापर व विहिरीलगतचे उकिरडे यांमुळे असे पाणी खेड्यांतही आढळते. २०१९ पासूनच्या जल जीवन अभियानात गावांना दिलेल्या क्षेत्रीय चाचणी संचात नायट्रेटची चाचणी अंतर्भूत आहे. पेटीतले व शाळेच्या विहिरीतले पाणी एकाच दिवशी, एकाच संचाने तपासून पाहता येते.

गप्पीची मादी साधारणतः महिन्याला वीत असल्याने पेटीत लवकरच गर्दी होते व पाण्यावरचा भार वाढतो. केवळ नर ठेवल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. अधिक झालेले मासे ओढ्यात, नदीत वा तलावात सोडू नयेत. परके मासे स्थानिक माशांच्या मुळावर येतात. उजनी जलाशयात फोफावलेला सकर मासा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. वाढलेले गप्पी प्राथमिक आरोग्य केंद्रातील हिवताप कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने गावातील बंदिस्त टाक्या व हौदांसाठी द्यावेत.