ओली भिंत, गंजलेला तवा आणि शेवळाची जुडी

पावसाची झड लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दोन विषय हमखास असतात. एक, घरातली वर्षभर ढकललेली कामं. दुसरा, बाजारात दिसलेली एखादी अनोळखी भाजी किंवा नवं धान्य. बरेचदा दोन्ही एकाच पत्रात असतात, आणि ते साहजिक आहे. सवड मिळाली की माणूस आधी घराकडे बघतो आणि मग ताटाकडे. अशा वेळी लगेच नवीन सामान आणायला धावू नये, असं मी पुन्हा पुन्हा सांगते. घरात पडून असलेलं आणि हंगामात दारात आलेलं आधी हाताळा. या वेळची पत्रं त्याच बेताने निवडली आहेत.

ताई, मी नुकताच निवृत्त झालो. स्वयंपाकघराच्या भिंतीचे पापुद्रे निघतात, ट्रॉल्यांना वास येतो, गॅसची नळी किती जुनी आहे ते आठवत नाही, टाइल्सच्या फटी काळ्या पडल्या आहेत. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, डोंबिवली

नळीपासून. आणि ती आजच बघा. केशरी रंगाच्या सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली असतील तर ती दिसायला कितीही धडधाकट असली तरी बदलायची. नळी बदलल्यावर जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गॅस झिरपतोय असं समजा. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि १९०६ या क्रमांकावर फोन करा.

ट्रॉल्यांच्या वासाबद्दलही तुम्ही लिहिलंत, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्या सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, खाली फरशीजवळ साचतो. ओट्याखाली सिलिंडरसाठी केलेलं कपाट चारही बाजूंनी बंद असेल तर सुताराकडून त्याच्या दारात अगदी तळाशी जाळी बसवून घ्या. काम अर्ध्या दिवसाचं आहे, आणि तुमच्या यादीतल्या इतर सगळ्या कामांपेक्षा महत्त्वाचं आहे.

आता भिंत. पावसाळ्यात भिंतीला रंग लावू नका, कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी. ओल आत असताना वरून रंग चढवला की पाण्याबरोबर विटा-सिमेंटमधले क्षार पृष्ठभागावर येतात, पांढरा लोणा धरतो आणि चार महिन्यांत नव्या रंगाचेही पापुद्रे निघतात. पावसाळ्याचा उपयोग ओल येते कुठून ते शोधण्यासाठी करायचा. फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला दिसलं तर ती स्वयंपाकाची वाफ आहे. तिला धुराडं, पंखा, उघडी खिडकी एवढं पुरतं.

ओल भिंतीतूनच येत असेल तर पलीकडे काय आहे ते पाहा. न्हाणीघर किंवा भिंतीत पुरलेला नळ असेल तर ती दुरुस्ती तुमची. बाहेरची भिंत असेल तर सोसायटीला लेखी कळवा, कारण आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती आणि गच्ची यांच्या गळतीचा खर्च संस्थेने करायचा असतो. आणि प्लास्टर सुटून आतल्या सळईचा तांबूस गंज दिसत असेल, तर तिथे रंगाऱ्याचं काम नाही. संरचना तपासणाऱ्या अभियंत्यालाच बोलवा. कारण सापडलं, ते दूर झालं, की पापुद्रे खरवडून भिंत उघडी ठेवा. ऑक्टोबरचं ऊन तिला वाळवेल. पुट्टी, प्रायमर आणि रंग दिवाळीनंतर.

टाइल्सच्या फटी सगळ्यांत शेवटी. त्यांनी कोणाचं काही बिघडत नाही.

सासूबाईंची पितळी पातेली माळ्यावरून काढली. सोबत एक बिडाचा तवाही सापडला, पण तो पूर्ण गंजला आहे. हे सगळं मोडीत घालावं का? – एक भगिनी, सातारा

मुळीच नको. तुमच्या हाती घरातली सर्वांत चांगली भांडी लागली आहेत.

पातेल्यांना कल्हई करून घ्या. पितळेत तांबं असतं. आंबट पदार्थ त्यात ठेवला की तो कळकतो, आणि असं अन्न पोटाला त्रास देतं. कल्हई म्हणजे आतून चढवलेला कथलाचा पातळ थर. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागराची पूड टाकून पृष्ठभाग स्वच्छ करतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील सगळीकडे फिरवतो. काम तुमच्या डोळ्यांदेखत करून घ्या आणि शुद्ध कथीलच वापरायला सांगा. सोल्डरिंगच्या तारेत शिसं असू शकतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात येता कामा नये. कल्हईवाले आता गल्लीत क्वचित फिरतात, पण तांबटांच्या दुकानांत चौकशी केली की सापडतात. एकाच वेळी शेजारच्या चार घरांची भांडी जमवलीत तर तो तुमच्या दारातही येईल.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून कल्हईचं रिकामं पातेलं आचेवर ठेवायचं नाही, त्यात कोरडं काही भाजायचं नाही, कडकडीत फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून ओतायची. घासताना तारेची घासणी नको. राख किंवा मऊ घासणी पुरे. आतून पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई. वरण, भात, आमटी, खीर यांना या जाड बुडाच्या भांड्यांत जी चव येते ती पातळ स्टीलमध्ये येत नाही, कारण उष्णता सगळीकडे सारखी पसरते आणि बुडाला लागत नाही.

तव्याचं काम तुम्ही स्वतः करू शकता. खडे मीठ आणि काथ्याने गंज निघेपर्यंत घासा. हट्टी गंज असेल तर इथे मात्र तारेची घासणी चालेल. धुऊन लगेच आचेवर कोरडा करा. मग थेंबभर तेल सगळीकडे चोळा आणि फडक्याने पुसून टाका, तवा कोरडा वाटेल इतकं. मंद आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, निवू द्या, आणि हेच तीन-चार वेळा करा. तापलेल्या लोखंडावर तेलाचा अगदी पातळ थर घट्ट कवचासारखा बसतो. त्यामुळेच घावन सुटून येतं. तेल जास्त झालं की कवच न होता चिकट राप बसतो. बहुतेकांचं इथेच चुकतं आणि ते तव्याला दोष देतात. तापल्या तव्यावर गार पाणी कधी ओतू नका, बीड तडकतं. पहिल्या दिवशी तेलावर भरपूर कांदा परता, तो टाकून द्या, मग आंबोळ्या करा. टोमॅटो, चिंच असलं आंबट काही महिने त्यावर नको.

स्टेशनबाहेर आदिवासी बाईंकडून शेवळाची जुडी घेतली. हौसेने भाजी केली, पण सगळ्यांचा घसा खाजला. आता घरचे कुठलीच रानभाजी नको म्हणतात. – एक भगिनी, कल्याण

भाजी घेतलीत ते फार चांगलं केलंत. फक्त सोबतची काकडं घ्यायची राहिली असावीत.

शेवळं पहिल्या पावसाबरोबर ठाणे, पालघर, रायगडच्या रानात जमिनीतून वर येतात. ही सुरणाच्या कुळातली. त्यांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाच्या त्वचेत रुततात, म्हणून खाजतं. ते नुसत्या उकळीने जात नाहीत. हाताला तेल लावून वरचं आवरण सोडवा. आतल्या दांड्याचा खालचा पिवळा, रवाळ भाग पूर्ण काढून टाका, सगळ्यांत खाजरा तोच. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परता आणि आंबटाच्या सोबतीने मऊ शिजवा. विकणाऱ्या बायका शेवळांच्या शेजारीच काकडं ठेवतात, ती याचसाठी. ही काकडी नव्हे. काकड नावाच्या झाडाची छोटी, गोल, आंबट फळं आहेत ती. ती वाटून त्यांचा रस भाजीत घालायचा. न मिळाल्यास चिंचेचा दाट कोळ. कायस्थ प्रभूंच्या घरांत याच शेवळांत कोळंबी किंवा खिमा घालून जी कणी होते, तिची वाट लोक वर्षभर बघतात.

पुढच्या वेळी विकणाऱ्या बाईंनाच विचारा, कशी करता म्हणून. त्या मनापासून सांगतात, आणि त्यांच्याइतकं हे ज्ञान दुसऱ्या कोणाकडे नाही. त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस मात्र करू नका. ही भाजी रानात पहाटे फिरून एकेक करून खुडलेली असते.

ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी शेवळं टाळावीत. नुसती खाज असेल तर ती काही वेळाने जाते. जीभ किंवा ओठ सुजले, गिळायला वा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट दवाखाना. घरच्यांचा विश्वास परत मिळवायचा तर सुरुवात टाकळ्यापासून करा. अगदी कोवळी पानं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, लसूण आणि वरून भरपूर ओलं खोबरं. पानं जून झाली की कडवट होतात आणि पोट ढिलं करतात, म्हणून टाकळा पावसाच्या सुरुवातीलाच खाऊन घ्यायचा. त्यानंतर करटुली आणा. ती कोणाला आवडली नाहीत असं मी अजून पाहिलेलं नाही.

रानातली अळमी शिजवताना चांदीचं नाणं टाकायचं, काळं पडलं तर विषारी, असं आई सांगायची. ही परीक्षा खरी का? – एक वाचक, फोंडा

खरी नाही, आणि तिच्यावर विसंबणं जिवावर बेतू शकतं. चांदी गंधकामुळे काळी पडते. अळंबीतल्या विषाचा त्याच्याशी संबंध नाही. किडे खातात म्हणून आपल्याला चालेल, लसूण रंग बदलत नाही म्हणून चालेल, ही अनुमानंही तितकीच पोकळ. काही अळंब्यांतलं विष उकळूनही नष्ट होत नाही. त्रास सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेलं असतं. वारुळावर उगवणारी तुमच्याकडची अळमी अप्रतिम असते हे मान्य, पण ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्या. स्वतः गोळा करू नका. खाल्ल्यावर उलट्या-जुलाब झाले तर उरलेली अळंबी सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालयात जा.

राळे, वरई, कोद्रा असं सगळं एकदम आणलं आणि पोळी-भात बंद केला. आठवड्यात पोट फुगलं. भरड धान्यं आम्हाला सोसत नाहीत का? – एक कुटुंब, लातूर

सोसतात, पण एकदम नव्हे. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून दुकानांत पाकिटांची रांग लागली आणि लोकांना वाटलं, जेवण एका दिवसात बदलायचं. आतड्यांना वाढत्या चोथ्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. आठवड्यातून दोनदा, एकच धान्य, एका वेळच्या जेवणात. सहा-सात तास भिजवून, भरपूर पाण्यात, मऊ शिजवून. राळ्याचा भात ताकाबरोबर अतिशय छान लागतो. आणि तुमच्या घरात ज्वारी आहेच! तीही भरड धान्यच, ती सोडून दुसरं शोधायची घाई कशाला?

साठवणीकडे मात्र लक्ष द्या. दमट हवेत या बारीक धान्यांना बुरशी लवकर लागते. भगरीचं पीठ खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या उपासाच्या दिवसांत येतात, त्या यामुळेच. २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या बांधवगडमध्ये दहा हत्ती मेले, तेही बुरशी लागलेला कोद्रा खाऊन. भगरीचं सुटं पीठ विकत घेऊ नका. अख्खी भगर निवडून, धुऊन, वाळवून घरी दळा आणि थोड्या दिवसांत संपवा. कुबट वास आला तर धान्य टाकून द्या. बुरशीचं विष शिजवल्याने जाईल असं समजू नका.

चार वर्षांचा मुलगा नवीन पदार्थ तोंडातच घालत नाही. – एक आई, सांगली

या वयात ते अगदी स्वाभाविक आहे. एखादी चव स्वीकारायला मुलांना दहा-पंधरा वेळा तिची गाठ पडावी लागते, आणि आपण तिसऱ्या वेळी हार मानतो. ताटात त्याच्या आवडीच्या पदार्थाशेजारी नव्याचा चमचाभर वाढा, जबरदस्ती आणि लालूच दोन्ही नको, आणि तुम्ही स्वतः तेच त्याच्यासमोर खा. तुमच्या भागात आता ड्रॅगन फ्रूटच्या बागा आहेत, तिथे त्याला घेऊन जा. ते फळ निवडुंगाला लागतं हे पाहिल्यावर तो चाखून बघण्याची शक्यता खूप वाढेल. लाल गराचं खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी झाली तर घाबरू नका, तो फळाचाच रंग असतो.