वन, वनक्षेत्र आणि वनाच्छादन

देशातील जंगल अमुक इतके वाढले, अशी बातमी आपण साधारण दर दोन वर्षांनी वाचतो. तिचा आधार असतो डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा अहवाल. १९८७पासून निघणाऱ्या या अहवालाचा मुख्य आकडा मात्र जंगलाचा नसून वनाच्छादनाचा असतो. भाषेच्या शिक्षकाने हा शब्द नीट पाहायला हवा, असे मला वाटते.

किमान एक हेक्टर जमीन आणि तिच्यावर झाडांच्या माथ्यांचे दहा टक्क्यांहून अधिक छत्र, एवढी वनाच्छादनाची अट. जमीन कोणाची, झाड कोणते, लावलेले की आपोआप उगवलेले, याचा विचार नाही. छत्राची घनता ७० टक्के किंवा अधिक असेल तर अतिघनदाट, ४० ते ७० मध्यम घनदाट, १० ते ४० विरळ. त्याखालचे झुडपी क्षेत्र हिशेबात धरत नाहीत. 'आच्छादन' म्हणजे पांघरूण. खाली साग आहे की काजू, हे त्यावरून कळत नाही.

वनक्षेत्र निराळे. सरकारदप्तरी 'वन' म्हणून नोंदलेली ती जमीन. झाडे असोत वा नसोत. २०२३च्या अहवालात नोंदलेले वनक्षेत्र ७,७५,३७७ चौरस किलोमीटर आणि वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या २१.७६ टक्के आहे. यातले दुसरे पहिल्याच्या पोटात बसत नाही. सुमारे १ लाख ९५ हजार चौरस किलोमीटर आच्छादन नोंदीतल्या वनांबाहेरचे आहे.

१२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'वन' हा शब्द कोशातील अर्थाने घ्यावा, असे सांगितले. आम्हा कोश चाळणाऱ्यांना यात आनंद वाटावा. पण कोश उघडला की पंचाईत होते. संस्कृतातला 'जांगल' म्हणजे कोरडा, तुरळक झाडांचा प्रदेश. त्यातून आलेले आपले 'जंगल' मात्र दाट. देशावरचा शेतकरी तर पिकाच्या शेतालाही रान म्हणतो.

त्यामुळे निकष ठरवावे लागले. गोव्यात खासगी वन ओळखण्यासाठी तीन निकष लावले गेले : ७५ टक्के वृक्ष वनजातींचे, क्षेत्र किमान पाच हेक्टर किंवा सरकारी वनाला लागून, आणि छत्रघनता ४० टक्क्यांहून कमी नसावी. आता ३० टक्के छत्राचा एखादा खासगी डोंगर घ्या. डेहराडूनच्या तक्त्यात तो 'विरळ वन' म्हणून राज्याचा आकडा वाढवतो. इथे मात्र तो वन ठरत नाही, आणि त्याच्यावर घरे बांधताना वनकायदा आड येत नाही.

गोव्याचे वनाच्छादन सुमारे ६० टक्के दिसते, त्यात कुळागरांतल्या पोफळी आहेत, माड आहेत, काजूच्या बागाही आहेत. पावसाळ्यात रानफुलांनी भरणारा, गुरांना चारा देणारा जांभ्या दगडाचा उघडा सडा मात्र त्यात नाही. त्याच्यावर झाडेच नाहीत. तक्त्यात त्याच्या वाट्याला येतो तो फार तर 'झुडपी', नाहीतर 'वनेतर' एवढाच शब्द.