नीरेकाठी रंगवताना

वालचंदनगरला राहून मी नीरेची चित्रं काढतो. मोने, सिस्ले हे चित्रकार फ्रान्समध्ये सीन नदीकाठी जे करायचे तेच इथं करायचं: उघड्यावर बसून, उजेड बघत, चित्र तिथंच पुरं करायचं. त्यातून हाताला लागलेलं सांगतो.

१. नदी निळी असते हे आधी विसरावं. पावसाळ्यात वीर धरणातून पाणी सोडलं की नीरा तांबूस, गढूळ होऊन येते. तेव्हा यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना लागतो. उन्हाळ्यात बंधाऱ्याला अडलेलं पाणी शेवाळी हिरवं. निळं दिसतं ते त्यात उतरलेलं आभाळ, तेही वारा पडलेला असेल तोवरच.

२. एका बोर्डवर एकच वेळ. कोवळ्या उन्हात सुरू केलेलं चित्र ऊन चढलं की थांबवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुढं न्यायचं. मधल्या उजेडासाठी दुसरा बोर्ड. मोने असंच करायचा. १८९१ मध्ये तो एप्त नदीकाठचे पॉपलर रंगवत असताना ती झाडं विक्रीला निघाली. त्यानं लाकूडव्यापाऱ्याला स्वतःचे पैसे देऊन चित्रं संपेपर्यंत ती उभी ठेवली. आमच्याकडे तीच गत उसाची. थंडीत फडाला तुरे आले की उतरत्या उन्हात सगळा काठ रुपेरी-गुलाबी होतो, पाण्यात त्याची फिकट पट्टी पडते. मग तोड येते. टोळीनं कोयते लावले की बघता बघता काठ बोडका. म्हणून तोड कधी आहे हे शेतकऱ्याला आधीच विचारून ठेवावं.

३. काळी ट्यूब घरी ठेवावी. बाभळीखालची सावली जांभळट असते, पाण्यालगत हिरवट. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून हवा तेवढा अंधार मिळतो.

४. पाणी उपसायच्या मोटारी, पाइप, विजेचे खांब गाळू नयेत. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. नदी म्हटलं की घाट, होडी, देऊळ एवढंच काढायची आपल्याला सवय. सीनकाठच्या अर्जेंतय गावी राहताना मोनेनं रेल्वेचा पूल आणि कारखान्यांची धुरांडीही काढली. त्याच्या काळची नदी तशीच होती. आमचं गावही वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कारखान्यासाठी वसवलेलं, आणि काठचा ऊस उपशावर पोसलेला. दरडीवर चढलेला पाइप उन्हात चमकतो तेव्हा चित्रातली सर्वांत उजळ जागा तीच असते.

५. मोनेची चित्रं बघायला पॅरिस जमणार नसेल तर कोल्हापूर गाठावं. टाउन हॉल संग्रहालयात आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. जे. जे. मध्ये शिकलेले, शाहू महाराजांच्या दरबारचे हे चित्रकार १९३१ मध्ये गेले. रंकाळा, कोटितीर्थ ही घरची पाणवठ्याची ठिकाणं त्यांनी जीव लावून रंगवली. त्यांच्या चित्रांपुढं उभं राहून मी एक गोष्ट उचलली: पलीकडचा काठ जितका फिकट ठेवावा, तितकं मधलं पाणी रुंद होतं.